आधी डेअरीत उभं राहा, मग ॲप बनवा

पहाटे साडेपाचच्या सुमाराला करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गावात दूध संस्थेसमोर उभं राहून बघा. किटल्या, कासंड्या घेऊन माणसं रांगेत असतात. पुढचा माणूस नंबर सांगतो, दूध ओततो, नमुना यंत्रात जातो, आकडे उमटतात, पावती हातात पडते आणि तोवर मागच्याची किटली पुढं सरकलेली असते. एकेका सभासदाच्या वाट्याला इथं मिनिटभरही येत नाही. हात ओले असतात, उजेड बेताचा असतो, आणि घरी गोठ्यातलं निम्मं काम राहिलेलं असतं.

या रांगेत बायका बऱ्याच दिसतात. धार त्या काढतात, वैरण त्या घालतात, डेअरीला दूधही त्याच आणतात. खातं मात्र पुष्कळदा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतं. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा असतो आणि मुलगा त्या वेळी पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेला असतो. दुधाचा मेसेज येतो तो त्याच्या खिशात. ‘आज फॅट किती लागली?’ हा प्रश्न जिच्या मनात आहे, तिच्या हातात फोनच नाही.

डिजिटल साधन बनवू पाहणाऱ्या प्रत्येकानं पहिला प्रश्न हाच विचारावा असं मला वाटतं: फोन कुणाच्या हातात आहे, आणि अडचण कुणाची आहे?

गडमुडशिंगी हे गाव या प्रश्नासाठी अगदी योग्य जागी आहे. एका अंगाला कोल्हापूरचं विमानतळ, जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. १९६३ साली सुरू झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघाचं मुख्य कार्यालयही त्याच गोकुळ शिरगावात आणि १९८३ पासून अभियंते घडवणारं केआयटी महाविद्यालयही तिथंच. सॉफ्टवेअर शिकणारी मुलं आणि पहाटे दूध घालणाऱ्या त्यांच्याच आया-काकू यांच्यात अंतर आहे ते थोड्या किलोमीटरचं. तरीही गावासाठी बनणारी बरीच साधनं दूरच्या कुठल्यातरी खोलीत, न बघता, न विचारता बनतात आणि महिन्याभरात फोनच्या कोपऱ्यात पडून राहतात. हे टाळता येतं. त्यासाठी मोठा पैसा लागत नाही. वही, पेन्सिल, पुठ्ठा आणि चार आठवड्यांची चिकाटी एवढं पुरतं.

उदाहरण म्हणून आपण एकच काम धरून चालू. समजा, गडमुडशिंगीतल्या एखाद्या दूध संस्थेसाठी, सभासदांना रोजचं दूध आणि दहा दिवसांचं बिल कळावं म्हणून एक साधन बनवायचं आहे. काम दुसरं असेल, म्हणजे ग्रामपंचायतीची पाणीपट्टी, फाउंड्रीतली हजेरी किंवा शाळेची नोंदवही, तरी वाट हीच राहील.

प्रश्न एका वाक्यात लिहा

कामाची सुरुवात बहुधा ‘आपल्याला एक ॲप पाहिजे’ या वाक्यानं होते. इथंच थांबा. ॲप हे उत्तर झालं, प्रश्न अजून कुणी मांडलेलाच नाही. संचालकांना, सेक्रेटरींना आणि दोन-तीन सभासदांना भेटा आणि एक वाक्य लिहून काढा: कुणाला, कोणत्या वेळी, काय कळत नाही किंवा जमत नाही, आणि त्यामुळं त्यांचं काय बिघडतं?

‘सभासदांना माहिती मिळत नाही’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात माणूसही नाही आणि वेळही नाही. ‘दूध घालणाऱ्या बाईला बिलाच्या दिवशी कपात का झाली हे कळत नाही, म्हणून तिला दोन-तीन वेळा सेक्रेटरींकडं हेलपाटा पडतो’ हे वाक्य चालेल. त्यावरून काय बनवायचं ते सुचतं आणि बनवलेलं उपयोगी पडलं की नाही तेही पुढं तपासता येतं.

या टप्प्यावर ॲपची गरजच नाही असंही निघू शकतं. केंद्रावर मोठ्या अक्षरांचा फलक लावणं, पावतीवरची मांडणी बदलणं किंवा बोलून सांगणारं छोटं यंत्र बसवणं यानंही काम भागेल. दुकानातलं पैसे जमा झाल्याचं मोठ्यानं सांगणारं यंत्र आठवा. दुकानदाराचे हात वजनकाट्यावर आणि डोळे गिऱ्हाइकावर असतात, फोन बघायला त्याला सवड नसते. हे ज्यांनी ओळखलं त्यांनी पडद्याऐवजी आवाज दिला आणि ते यंत्र भाजीच्या गाड्यापर्यंत पोचलं.

माणसांची यादी करा

‘वापरकर्ता’ हा शब्द एकवचनी आहे, गाव एकवचनी नाही. आपल्या उदाहरणात निदान पाच जण आहेत: दूध आणणारी बाई, ज्याच्या नावावर खातं आहे तो खातेदार, फोन बाळगणारा मुलगा किंवा सून, केंद्रावर माप आणि टेस्टर सांभाळणारा कर्मचारी, आणि ज्यांना सगळ्यांचे प्रश्न झेलावे लागतात ते सेक्रेटरी. साधनाचा खर्च करणारं संचालक मंडळ सहावं.

प्रत्येकाच्या नावापुढं तीन गोष्टी लिहा: त्याला काय हवं, त्याच्यापाशी काय साधन आहे, आणि चूक झाली तर तोटा कुणाचा. तिसरी गोष्ट फार लोक लिहीत नाहीत. फॅटचा आकडा चुकीचा नोंदला गेला तर पैसे बाईचे जातात आणि बोल कर्मचाऱ्याला लागतो. म्हणून चूक दुरुस्त करण्याची सोय या दोघांनाही समजेल अशीच असली पाहिजे.

जाऊन उभं राहा आणि बघा

निदान तीन वेळा जा: एकदा सकाळच्या संकलनाला, एकदा संध्याकाळच्या आणि एकदा बिल वाटपाच्या दिवशी. सकाळी घाई दिसेल, संध्याकाळी गप्पा ऐकू येतील आणि बिलाच्या दिवशी शंका कळतील. पहिल्या दिवशी काहीही विचारू नका. सेक्रेटरींची परवानगी घ्या, रांगेच्या आड येणार नाही अशी जागा धरा आणि टिपणं काढा.

काय टिपायचं? हात मोकळे आहेत का. यंत्राचा पडदा सभासदाला दिसतो की फक्त कर्मचाऱ्याला. पावती मिळाल्यावर ती कुठं जाते: कनवटीला, किटलीच्या कडीत की तिथंच खाली. कोण कुणाला काय विचारतं. वीज गेली की काय करतात. मोबाइलला रेंज कुठं येते, कुठं जाते. म्हशीचं आणि गाईचं दूध एकाच घरातून येतं तेव्हा गोंधळ होतो का.

सर्वांत जास्त लक्ष द्या ते माणसांनी स्वतःच शोधलेल्या उपायांकडं. पुष्कळ घरांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, तारखेच्या चौकटीत, सकाळचे आणि संध्याकाळचे लिटर पेनानं लिहिलेले असतात. कुठं दाराच्या आतल्या बाजूला खडूच्या रेघा असतात, कुठं पावत्या तारेला ओवलेल्या. ही सगळी तुमच्या आधीच तयार झालेली साधनं आहेत. दिनदर्शिकेची ती चौकट नीट बघितली तर पडद्याची अर्धी रचना हातात येते: महिन्याचं पान, प्रत्येक तारखेला वर सकाळ, खाली संध्याकाळ, आणि दहा, वीस, तीस तारखेला रेघ. आलेखांच्या आणि रंगीत वर्तुळांच्या पडद्यासारखं हे पान वाचायला दूध घालणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही, कारण ते तिनंच आखलेलं आहे.

होऊन गेलेलं विचारा, होणारं नको

निरीक्षणानंतर आठ-दहा जणांशी निवांत बोला. वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. सकाळची कामं उरकल्यावर किंवा दुपारी गोठ्याच्या सावलीत बायका मोकळेपणानं बोलतात. तुमच्या गटात एखादी मुलगी असायलाच हवी. घरातला पुरुष शेजारी बसला की उत्तरं तोच देतो, मग दूध घालणारीचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचत नाही.

‘मावशी, असं ॲप काढलं तर वापराल का?’ असं कधी विचारू नका. दारात आलेल्या पोराला वाईट वाटू नये म्हणून मावशी ‘व्हय, वापरू की’ म्हणणारच. त्या होकारावर साधन उभं राहत नाही. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा. ‘मागचं बिल आलं त्या दिवशी काय काय झालं ते सांगा.’ ‘कपात किती झाली ते कशावरून कळलं?’ ‘ती पावती आता कुठं आहे, दाखवता का?’ ‘शेवटचं कधी वाटलं, की हिशेबात काहीतरी चुकलंय? मग काय केलंत?’ उत्तर आल्यावर चार-पाच सेकंद गप्प बसा. पुढचं, अधिक खरं वाक्य बहुतेक वेळा त्या शांततेत येतं.

बोलताना शब्द तंतोतंत उतरून घ्या. बिलातून पशुखाद्याचे पैसे वळते होतात त्याला लोक ‘कपात’ म्हणतात, आगाऊ घेतलेल्या पैशाला ‘उचल’, आणि दिवाळीच्या तोंडावर मिळणाऱ्या वाढीव रकमेला ‘फरक’. फॅट ‘मोजली’ असं कुणी म्हणत नाही, ती ‘लागते’. पडद्यावर ‘वजावट’, ‘अग्रिम’, ‘प्रोत्साहनपर लाभांश’ असे शब्द टाकलेत, तर मराठीच वाचणाऱ्या माणसाला मराठीच कळेनासं होईल. लोकांकडून उतरून घेतलेले हे पाच-पंचवीस शब्द तुमच्या संशोधनाची मोठी कमाई आहेत.

आणि एक शिस्त पाळा. गावात दुधाचा आणि पैशाचा हिशेब ही घराची खासगी बाब असते. तुम्ही कोण, कशासाठी विचारता, नोंदीचं काय करणार, हे आधी सांगा. आवाज किंवा फोटो घ्यायचा तर संमती घ्या आणि ‘नको’ म्हटलं तर आग्रह करू नका. पासबुकाचे, आधार कार्डाचे फोटो काढूच नका. एका घरातलं दुसऱ्या घरात बोलू नका. २०२३ साली आपल्याकडं वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण कायदा नसता तरी हे पाळायलाच हवं होतं, कारण गावात विश्वास एकदा गेला की पुढच्या वेळी दार उघडत नाही.

टिपणांतून तीनच गरजा निवडा

घरी आल्यावर प्रत्येक निरीक्षण एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठीवर ऐकलेलं किंवा पाहिलेलंच लिहायचं, स्वतःचं मत नाही. मग सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा आणि सारख्या दिसतील त्या जवळ आणा. शंभरेक चिठ्ठ्यांचे सात-आठ गठ्ठे होतात. प्रत्येक गठ्ठ्याला वापरणाऱ्याच्या तोंडचं एक वाक्य नाव म्हणून द्या: ‘आजचं दूध लिहिलं का?’, ‘पैसे कशाचे कापले?’, ‘गेल्या दहा दिवसांपेक्षा फॅट का उतरली?’

आता मोह आवरा. पहिल्या आवृत्तीत तीनच गरजा घ्या. पशुवैद्यांचा सल्ला, हवामान, बाजारभाव, संस्थेच्या बातम्या हे सगळं ‘असलं तर बरं’ म्हणून सुचत राहील. एकेक बटण वाढतं तशी पहिलं बटण सापडण्याची शक्यता कमी होते. उरलेल्या गरजांची यादी जपून ठेवा आणि पुढच्या आवृत्तीसाठी राखा.

कागदाचा फोन करा

इथवर एकही ओळ कोड लिहिलेला नाही, आणि अजूनही लिहायचा नाही. आता प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना करायचा. फोनच्या आकाराचा पुठ्ठा कापा. त्याच मापाच्या कागदांवर पेन्सिलीनं पाच-सहा पडदे काढा: महिन्याचं पान, एका दिवसाचा तपशील, दहा दिवसांचं बिल, कपातीची यादी, ‘हे चुकलंय’ असं कळवायची जागा. बटणाच्या जागी बोट ठेवलं की तुम्ही कागद बदलायचा. एवढंच तंत्रज्ञान.

हे पोरखेळ वाटेल, पण मोठमोठी साधनं याच वाटेनं आली आहेत. १९९६ साली बाजारात आलेल्या ‘पाम पायलट’ या खिशातल्या संगणकाचे जनक जेफ हॉकिन्स यांनी आधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा केला, तो खिशात बाळगला आणि बैठकांत त्यावर काडीनं लिहिल्यासारखं करून पाहिलं. खिशात मावतो का, हातात बसतो का, दिवसात किती वेळा काढावासा वाटतो, हे ठोकळ्यानंच त्यांना सांगितलं.

नमुना कच्चा ठेवण्याचं कारण पैशापुरतं नाही. रंगीत, गुळगुळीत पडदा दाखवला की लोक ‘छान आहे’ म्हणतात आणि थांबतात. पेन्सिलीचा कागद पाहिला की त्याच मावशी स्वतः पेन्सिल मागून घेतात आणि ‘हे वर पाहिजे, खाली न्हवं’ असं दाखवतात. कच्च्या कागदाला नावं ठेवायला कुणाला संकोच वाटत नाही. शक्य असेल तर एकाच गरजेचे दोन वेगळे नमुने न्या. एकच असेल तर माणूस हो किंवा नाही म्हणतो, दोन असले तर तुलना करतो आणि तुलनेतून कारणं बाहेर पडतात.

आवाजी सेवेचा विचार असेल, म्हणजे फोन लावला की मराठीतून बिल सांगणारी सोय, तर तीही बनवण्याआधी तपासता येते. पलीकडं यंत्राच्या जागी तुमच्यातलाच एक जण बसवा. त्यानं ठरलेली वाक्यंच बोलायची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या संशोधकांनी बोललेलं टंकित करणाऱ्या यंत्राची चाचणी अशीच घेतली होती: पलीकडच्या खोलीत प्रत्यक्षात एक टंकलेखक बसलेला होता. लोक फोनवर काय विचारतात, कुठं अडतात, किती वेळ थांबतात हे दोन दिवसांत कळतं. चाचणी संपल्यावर मात्र पलीकडं माणूस होता हे सांगून टाका.

पाच माणसं, पाच कामं

नमुना घेऊन पाच जणांकडं जा. पाचच का? जेकब निल्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एक माणूस रचनेतल्या सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवून देतो आणि पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. पुढची माणसं तेच तेच दाखवू लागतात. म्हणून पंधरा जणांची एक मोठी चाचणी घेण्याऐवजी पाच-पाच जणांच्या तीन घ्या आणि मध्ये सुधारणा करा. मात्र हा हिशेब एकसारख्या माणसांच्या गटाचा आहे. दूध घालणाऱ्या बायका आणि सेक्रेटरी हे वेगळे गट आहेत, त्यांची चाचणी वेगळी घ्या.

सुरुवातीलाच सांगा: ‘परीक्षा तुमची नाही, या कागदाची आहे. अडलं तर चूक कागदाची.’ मग काम सांगा, बटण सांगू नका. ‘तपशील दाबा’ असं म्हटलंत तर चाचणी तिथंच संपली. ‘परवा संध्याकाळी तुम्ही किती दूध घातलं ते यात शोधा’ असं म्हणा. ‘या बिलात पशुखाद्याचे किती कापले?’ ‘आजची नोंद चुकली असं वाटलं तर काय कराल?’ अशी चार-पाच कामं पुरेत. करता करता मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगा.

तुमच्यापैकी एकानं कागद बदलायचे, दुसऱ्यानं फक्त लिहायचं. माणूस अडला की मदत करण्याची तीव्र इच्छा होते, ती दाबा. त्या बाई कुठं बघतात, बोट कुठं जाऊन परत येतं, कोणता शब्द दोनदा वाचतात, हेच तर शिकायला आपण आलो आहोत. प्रत्येक कामापुढं तीन रकाने ठेवा: स्वतः जमलं, सांगितल्यावर जमलं, जमलं नाही. पाच माणसांचा हा तक्ता समोर ठेवला की वाद घालावा लागत नाही. तिघी एकाच जागी अडल्या असतील तर ती जागा बदलायची.

पुढं, फोनवर चालणारा नमुना तयार झाल्यावर, जॉन ब्रुक यांनी १९८६ साली तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावलीही वापरता येते. ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ या नावानं ती जगभर चालते. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण असतात. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकाचे गुण ५ मधून वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करून २.५ नं गुणायचं. उत्तर ० ते १०० मध्ये येतं आणि सर्वसाधारण सरासरी ६८ धरली जाते. विधानं सोप्या बोलीत वाचून दाखवा. पण गावात या गुणांपेक्षा तुमच्या तीन रकान्यांवर अधिक भिस्त ठेवा, कारण गुण देताना माणसं उदार असतात.

ई-पीक पाहणीनं काय शिकवलं

आपल्या राज्यातच या सगळ्याचा एक मोठा धडा घडला आहे. सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारावर पिकांची नोंद होते. ती नोंद शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवरून करावी म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. गट क्रमांक, हंगाम, पीक, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख आणि शेतात उभं राहून काढलेला फोटो अशी ती नोंद होती. कल्पना चांगलीच होती: माझ्या शेताचं मला जास्त कळतं, तर नोंद मीच करीन.

प्रत्यक्षात शेतकऱ्यांना रेंज मिळेना, नोंद चुकली तर दुरुस्त कशी करायची ते कळेना, एका वाफ्यात दोन-तीन पिकं असली तर काय लिहायचं असा पेच पडला. मग १ ऑगस्ट २०२२ ला दुसरी आवृत्ती आली. तिच्यात नोंद केल्यापासून ४८ तासांत ती एकदा दुरुस्त करण्याची सोय आली, मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली, फोटो आपल्या गटापासून दूर काढला जात असेल तर तसा इशारा मिळू लागला आणि मदतीसाठी वेगळं बटण आलं. पुढं तर ज्यांना स्वतः नोंद जमत नाही त्यांच्यासाठी गावोगावी सहायकही नेमले गेले.

या सुधारणांची यादी पुन्हा वाचा. चूक दुरुस्त करणं, मिश्र पीक, जागेची खात्री, मदत. शेतात एक हंगाम उभं राहिलेल्या कुणालाही या चारही गोष्टी पेरणीआधीच सांगता आल्या असत्या. साधन सुधारलं हे चांगलंच झालं. पण त्यातून आपण शिकायचं ते असं, की जी सुधारणा लाखो फोनांवर पोचल्यावर करावी लागते, ती पुठ्ठ्यावर असताना खोडरबरानं होते. आणि दुसरं: सगळ्यांना सगळं स्वतःच जमलं पाहिजे हा हट्ट धरू नका. मदत करणारा माणूस हाही रचनेचाच भाग असतो. आपल्या उदाहरणात तो माणूस म्हणजे सेक्रेटरी.

मराठी अक्षर, अंक आणि आवाज

मराठी पडदा म्हणजे इंग्रजी पडद्यावर चिकटवलेले मराठी शब्द नव्हेत. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, ओळींमध्ये जागा कमी पडली की ते कापले जातात. मराठी शब्द लांब असतात, बटण त्यांच्या मापाचं करा. अक्षर मोठं ठेवा आणि उन्हात उभं राहून वाचून बघा.

अंकांचं मात्र गृहीत धरू नका. टेस्टरच्या पडद्यावर ‘इंग्रजी’ अंक येतात, दिनदर्शिकेवर मोठे अंक मराठी असतात. तुमच्या सभासदांना कोणते पटकन वाचता येतात ते दोन कागदांवर दाखवून तपासा. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला (फॅट सोडून दुधातल्या इतर घन घटकांना) धरून, गाईचा ३.५ आणि ८.५ ला धरून सांगितला जातो. इथं दशांश चिन्ह नीट दिसलं नाही तर साराच हिशेब बिघडेल.

लिहायला कमीत कमी लावा. लिहिणं भागच असेल तर माणसाला जे आधी येतं त्यावर रचना उभी करा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या रचनाविद्येच्या संस्थेत प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणलेला ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड त्याचं सुंदर उदाहरण आहे. अक्षरं पहिलीत शिकलेल्या वर्णमालेच्या क्रमानं मांडलेली आहेत, आणि ‘क’वर बोट ठेवलं की भोवती ‘का, कि, की’चं चक्र उमटतं. बाराखडी ज्याला येते त्याला नवं काही पाठ करावं लागत नाही. आपल्या दूध-पानाची दिनदर्शिका हीही त्याच विचाराची आहे.

गावात उतरवताना

कागदावर दोन-तीन फेऱ्या झाल्या, फोनवरचा नमुना तपासला, आता खरं साधन बनवा आणि आधी एकाच केंद्रावर, वीस-पंचवीस घरांपुरतं सुरू करा. किती दिवस? निदान तीन बिलं, म्हणजे महिनाभर. दुधाच्या धंद्यात साधनाची परीक्षा रोज होत नाही, ती दर दहा दिवसांनी पैसे हातात येतात तेव्हा होते. पडद्यावरचा आकडा आणि हातातली रक्कम तिन्ही वेळा जुळली, तरच सभासद पडद्यावर विश्वास ठेवतील. तोवर जुनी वही आणि छापील पावती बंद करू नका.

फोन नसलेल्या किंवा साधा फोन असलेल्या घराचं काय, याचं उत्तर पहिल्या दिवशीच तयार ठेवा. साधा मेसेज, केंद्रावरचा फलक किंवा ‘माझं बिल वाचून दाखवा’ म्हटल्यावर सेक्रेटरींना एका बोटात उघडणारं पान, यांतलं काहीतरी असायलाच हवं. खात्याला दोन मोबाइल नंबर जोडता येऊ द्या: एक खातेदाराचा, एक दूध घालणारीचा. हा एवढासा बदल तंत्रज्ञानाच्या दृष्टीनं क्षुल्लक आहे. पण पहाटेच्या त्या रांगेतल्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळं थेट तिच्यापर्यंत जातं.

वेळेचा हिशेब सरळ आहे. पहिला आठवडा बघण्याचा आणि बोलण्याचा. दुसरा चिठ्ठ्या लावण्याचा आणि कागदी नमुन्याचा. तिसऱ्यात पाच-पाच जणांच्या दोन चाचण्या आणि मधली दुरुस्ती. चौथ्यात फोनवरचा नमुना आणि आणखी एक चाचणी. कोड त्यानंतर. महाविद्यालयातल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हे सहज बसतं. प्रकल्पाच्या अहवालात कोडाच्या पानांइतकीच पानं या टिपणांना द्या. शिकवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे, की गुण देताना ‘किती लोकांपुढं ठेवून पाहिलंस?’ हा प्रश्न जरूर विचारा.

गोकुळ शिरगावात, गडमुडशिंगीत, उचगावात राहणाऱ्या, संगणक शिकलेल्या प्रत्येक तरुण-तरुणीला एवढंच सांगणं आहे. ज्या घरात तुम्ही वाढलात त्या घरातला दुधाचा, उसाचा, पगाराचा हिशेब तुम्हाला ठाऊक आहे. परगावच्या कंपनीला जे शिकायला वर्ष लागेल ते तुमच्या उंबऱ्यात आहे. उद्या पहाटे लॅपटॉप घरी ठेवा, वही घ्या, आईच्या हातातली किटली तुम्ही घ्या आणि तिच्याबरोबर डेअरीपर्यंत चालत जा. वाटेत तिला विचारा, मागच्या बिलात काय कापलं होतं. आणि ती बोलेल ते लिहून घ्या.